सातव्या अध्यायावरचं कुंकू

मंडळी, आज जे सांगणार आहे ते तुम्हाला पटणार नाही. मलाच पटलं नव्हतं — आणि मी तर सांगणारा! रज्जाकभाई, माइक जरा वाढवा. हां.

तर सवाल असा. माणूस गेल्यावर जपायचं काय — त्याची खूण, की त्याचा आवाज? दोन्ही म्हणाल! दोन्ही मिळालं असतं तर मी इथं घसा कशाला फोडला असता?

ऐका. नदीपल्याड एक दामूअण्णा होते. साठीशांत झाली तेव्हा गावच्या व्हिडिओवाल्यानं सगळ्या सोहळ्याची डीव्हीडी केली. चकचकीत तबकडी! आत दहा चॅप्टर. चॅप्टर म्हणजे अध्याय, काकू — तुमच्या शेजारी बसलाय तो नव्हे!

सातव्या अध्यायात कुमुदकाकूंनी उखाणा घेतला. चाळीस वर्षं ‘अहो’ आणि ‘ऐकलंत का’वर संसार केलेली बाई! नवऱ्याचं नाव जन्मात एकदाच घेतलं, ते तिथं. मांडव हसला. अण्णाही हसले. काय म्हणाली, ते मात्र हसण्यात विसरले!

पुढं काकू गेल्या. सवाष्ण गेल्या. घरचा प्लेअर त्याआधीच गेला होता. अण्णांनी तबकडी छातीशी धरली आणि स्टुडिओ गाठला. स्टुडिओवाल्याला नाव काय देऊ? आपल्या रज्जाकभाईंचंच उसनं घेतो. रागावू नका हो भाई!

“रज्जाक, हे मोबाइलवर घालून दे. तिनं माझं नाव घेतलंय त्यात.”

“बसा अण्णा. चहा होईस्तोवर देतो.”

तबकडी अशी फिरली, अशी फिरली, की वरचा पंखा लाजून थांबला! लाइट गेले म्हणता? लाइट गेले असते तर कॉम्प्युटर कसा चालला? ऐका गुमान! एक झाला, दोन झाले, सहा झाले — आणि सातव्याशी घरघर. गाडी बंद!

रज्जाकनं एकेक अध्याय वेगळा उतरवला. आठवा आला, नववा आला. सातवा नाही. सातवा वगळून फाइल जोडली, तर आरती संपते न संपते तोच थेट जेवणाची पंगत! आणि आठव्यालाच सातवा आकडा चिकटला. अण्णा बघतायत — सातवा लावला, आता कुमुद बोलेल… आणि पाटावरचा भटजी म्हणतो, “अजून एक जिलबी!”

हसा. अण्णा नाही हसले.

शेवटी रज्जाकनं तबकडी उलटी केली. चकचकीत बाजूला लाल बोट! खंडेनवमीला काकूंनी विळी पूजली, शिलाईचं मशीन पूजलं, आणि हिलाही हळदकुंकू लावलं. छापील बाजूला लावतील कशा? आरशासारखी चकाकते तेच तोंड, नाही का?

“अण्णा, हे पुसावं लागेल. मधून कडेकडे, सरळ. ओलं फडकं, दोन मिनिटं.”

“कुंकू पुसायचं? तिच्या बोटाचं?”

“त्याच्याखालीच तर काकू बोलतायत, अण्णा.”

मंडळी, बोटाच्या ठशात रेषा दिसत होत्या. बाई कुंकवानिशी गेली, आणि आता नवऱ्यानं तिचं कुंकू पुसायचं! एका बाजूला बोट, दुसऱ्या बाजूला आवाज. तुम्ही काय केलं असतं?

अण्णांनी बोट ओलं केलं. कुंकू पुसलं नाही — उचललं! आपल्या कपाळी लावलं. तबकडी फिरली. सातवा उघडला! काकू पदर सावरून म्हणाल्या —

साठ दिवे ओवाळले, तेल घातलं हातानं,
दामोदरराव उजळले माझ्याच वातीनं!

म्हणून सांगतो, मंडळी, खुणेला कवटाळून बसू नका! घरोघरी असं एकेक बोट उमटलेलं आहे, आणि त्याच्याखाली माणूस बोलायचं थांबलंय. पुसायला भिऊ नका! भितो तो —

काय? कोण बोललं? रज्जाकभाई, माइक तुमच्याकडे नाही, तरी एवढा आवाज?

“खोटं आहे, बुवा! उखाणा तुम्ही आत्ता रचलात. तबकडीतला सातवा अजून उघडलेलाच नाही. तीन वर्षं झाली, तुमची तबकडी माझ्या कपाटात आहे. कुंकवासकट.”