वाकळंचा खिसा

काटकसर काय असते, ते मला विचारा. पंचाहत्तर साली माझं लग्न झालं आणि महिन्याभरात सासरे पहिल्यांदाच आमच्या घरी आले. लग्नातला माझा कोट त्यांनीच दिलेला. मला वाढवणाऱ्या आत्तीनं त्यांना बसायला ताजी शिवलेली वाकळ अंथरली. बायको आत चहा करत होती.

सासरे टेकले आणि म्हणाले, “जावईबापू, कोट घालून दावा की.”

मी खुंटीकडं बघतोय, तर खुंटी रिकामी! मागं वळलो, तर सासऱ्यांचा हात वाकळंवर एका जागी थबकलेला. वाकळंला चक्क कोटाचा खिसा होता.

मी ओरडलो, “आत्ती! नवाकोरा कोट फाडलास?”

“नवा?” आत्ती कडाडली. “नव्या कोटाचा छातीवरचा खिसा डावीकडं असतोय. ह्याचा उजवीकडं हुता. जुना कोट उसवून, आतली बाजू भाईर काढून शिवलाय त्यो. आन् जुनं कापड आमच्यात वाकळंलाच जातंय.”

बायको कपबशा घेऊन दारातच थिजली. मी सासऱ्यांकडं बघायचंच टाळलं. हाच कोट घालून मी वरातीत मिरवलो होतो की!

सासऱ्यांनी खिशावरनं हात फिरवला. “माझ्या लग्नातला हाय. एवढी वर्सं झाली, पर कुठं फाटला न्हाय बघा.”

“आता फाटायचा बी न्हाय,” आत्ती म्हणाली. “चा घ्या, पावणं.”