पाटीला इंजेक्शन देता येत नाही

रडू नकोस — रडत नाहीयेस? बरं. मग बस. स्टुलावर नको, त्याचा एक पाय गेलाय. पलंगावर बस, रबरी पेशंटला सरकव जरा. या अख्ख्या नर्सिंग शाळेत तोच एक शहाणा — कितीही वेळा टोचा, तक्रार नाही. तर काय सांगत होते? हां, माफी. हे बघ पोरी, दोन मिनिटांचं काम आहे. वॉर्डात जायचं, मोठ्या डॉक्टरांच्या पलंगापाशी उभं राहायचं, मान खाली घालायची आणि म्हणायचं, सर, चुकले. संपलं. नाहीतर मेट्रन तुझा वॉर्ड बंद करणार, म्हणजे वर्ष गेलं. एवढ्याशा ताठ्यापायी वर्ष घालवतं का कुणी?

आता मान्य, नाव विचारायला मीच शिकवलं. इथेच, या खोलीत. 'तुम्हीच अमुक का?' असं विचारायचं नाही, गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो — तुम्हीच महाराणी का म्हटलं तरी हो म्हणेल — तेव्हा त्याच्याच तोंडून नाव वदवून घ्यायचं, मनगटावरची नावाची पट्टी बघायची, मगच सुई. शिकवलं ना? शिकवलं. पण अगं, तारतम्य नावाची काही चीज असते! समोर कोण आहे? ज्यांच्या नुसत्या खोकल्यानं मेट्रन उभी राहते ते! हर्नियापायी आडवे पडलेत, एवढंच. पट्टी बांधू दिली नाही — 'मी काय पार्सल आहे?' म्हणाले. आणि तू विचारतेस, आपलं नाव काय? ते म्हणाले, बाहेर पाटीवर वाच. आणि तू म्हणालीस — मेट्रनच्या तोंडून ऐकलं तेव्हा हसू दाबता दाबता मला ठसका लागला — 'पाटीला इंजेक्शन द्यायचं नाहीये, सर.' आणि ट्रे घेऊन चालती झालीस!

हसू नकोस. आणि ट्रेमध्ये काय होतं ते विचारू नकोस. — तुला कुणी सांगितलं? बरं, होतं, इन्सुलिन होतं. आणि त्यांना साखर नाही, ठाऊक आहे मला. ते खिडकीजवळच्या शिंप्याचं. पण साहेबांना वारा हवा, म्हणून सकाळी त्या म्हाताऱ्याला उचलून दारापाशी टाकलं आणि हे खिडकीत. सुई भरणारीनं पलंगाचा नंबर बघितला, माणूस नाही. बरं, भरून दिली तर शिकाऊ मुलीच्या शेजारी उभं राहायचं की नाही? बाईसाहेब गेल्या साहेबांना दुसरी उशी आणायला! तशी कामचुकार नाही हं ती, घरीसुद्धा सगळ्यांच्या उशा हीच झटकते — कुणाच्या घरी म्हणजे? आमच्या. माझी नणंद आहे ती. झालं समाधान? तुझी माफी झाली की उद्धटपणाची गोष्ट उरते, सुईची बुडते. मेट्रनला तेच बरं, नणंदेला तेच बरं, आणि मी तर रोज तिच्या हातचं जेवते. शिवाय तुला तरी कुठे ठाऊक होतं सुई कुणाची ते? नुसता हट्ट केलास. म्हणून साहेब आज खिडकीतून वारा खातायत, नाहीतर — जाऊ दे.

काय? माफी कशाची मागू? अगं, सोपं आहे. म्हण, सर, चुकले, मी तुमचं नाव विचारलं — नको, हे बरं दिसत नाही. म्हण, न विचारताच टोचायला हवं — छे! थांब, मी सांगते शब्द. सर, यापुढे मी समोरचा माणूस बघून... मोठा माणूस असेल तर...

नाही, हे नाही जमायचं. — मेट्रनकडे मी जाते. काय सांगणार म्हणजे? ट्रेमध्ये काय होतं ते सांगणार. हो, कुणी भरलं तेही. नणंदेचं माझं मी बघते, फार तर आजपासून माझं मीच शिजवीन. कच्चंपक्कं खाऊन कुणी मेलेलं नाही. तू वॉर्डात जा, दुपारची औषधं निघतील आता. साहेबांचीही असतील. माफीबिफी काही नाही. नाव विचार. नाही सांगितलं तर परत विचार. तरी नाही सांगितलं, तर उपाशी — म्हणजे औषधावाचून राहू दे आणि मला बोलाव. ऊठ आता. ऊठ म्हटलं ना!