लाल तोटीच्या वर आणि खाली

मी, लॉर्ना विकस्ट्रॉम, वय ५३ वर्षे, धंदा शाळेच्या खानावळीत स्वयंपाकीण, राहणार घर नंबर १४, कॉटनवुड मोबाइल होम पार्क, बिटर फोर्क, मोन्टाना, आज सोमवार दि. १८ डिसेंबर रोजी दुपारी चार वाजता शेरीफच्या कचेरीत स्वतःच्या पायांनी येऊन सांगते ते असे :

माझी मूळ तक्रार अशी की, नळाला पाणी नसल्याने शुक्रवारपासून मी बाटलीतल्या गोड सोड्याने दात घासत आहे. पहिल्या दिवशी आल्याचा सोडा होता, नंतर संत्र्याचा. संत्र्याचा कोणी वापरू नये. डेप्युटी टॉलिव्हर यांनी हे कोणत्या कलमात बसते असे विचारले. कलम शोधणे त्यांचे काम आहे.

आमच्या पार्कात जमीन मालकाची आणि तिच्यावर ठेवलेले घर आमचे. पाण्याचा पाइप जमिनीतून घराच्या पोटाखाली वर येतो. त्याला गुडघ्याच्या उंचीवर लाल मुठीची तोटी आहे. तोटीच्या खालचे सगळे मालकाचे, वरचे सगळे भाडेकरूचे. माझ्या घटस्फोटातसुद्धा इतकी स्वच्छ वाटणी झाली नव्हती. मात्र पाइप गोठू नये म्हणून त्याला विजेवर तापणारी पट्टी गुंडाळलेली असते, ती चालू ठेवणे भाडेकरूकडे. तसे करारात सहाव्या पानावर आहे. ते पान मी कधी वाचलेच नाही असे मी सर्वांना सांगितले आहे. वाचले होते.

शुक्रवारी सकाळी सहा वाजता पारा शून्याखाली बावीस होता. पाइप फुटला. चीर तोटीच्या खाली चार बोटांवर होती. पार्कचा मॅनेजर डेल्बर्ट क्राउच आला. तो गाडीतून उतरला नाही, काच खाली केली. आमचे बोलणे झाले ते असे :

"पट्टी बंद असणार तुझी. खर्च तुझा."

"चीर तोटीच्या खाली आहे, डेल्बर्ट. खर्च मालकाचा. ये, मोजून बघ."

"त्यासाठी घराखाली सरपटावं लागेल."

"मग काय झालं? तुला सवय आहे."

हे शेवटचे वाक्य मी गिळले असते तर दुपारपर्यंत पाणी आले असते, असे माझे आजचे मत आहे. आता मात्र डेल्बर्ट उतरला आणि रस्त्यातले झाकण उघडून त्याने पाणी बंद केले. त्या झाकणाखाली नऊ घरांची मिळून एकच तोटी आहे. "तू खर्चाच्या कागदावर सही करेस्तोवर आख्खी ओळ कोरडी," असे म्हणून तो गेला.

चीर तोटीच्या खाली, सबब खर्च मालकाचा, असा अर्ज मी लिहिला आणि मोजपट्टी घेऊन ओळीतली बाकीची आठ घरे फिरले. 'तोटीच्या खाली' हे दोन शब्द मी त्या दिवशी इतक्यांदा उच्चारले की एका दारावर कुत्रा भुंकायचा थांबला. पहिली सही घर नंबर १५ चे ऑर्विल लिंडक्विस्ट यांची. वय ७९, रेल्वेतून निवृत्त. त्यांची पत्नी आयडा अर्धांगाचा झटका आल्यापासून दोन वर्षे अंथरुणावर आहे. तिच्या चादरी रोज दोनदा धुवाव्या लागतात. सही करण्याआधी ऑर्विल स्वतः माझ्या घराखाली सरपटत गेले. बाहेर येऊन गुडघ्यांवरचा बर्फ झटकला, माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाले, "चीर खालीच आहे, पोरी. कुठं करू सही?"

मग त्यांनी साठवणीतले पाण्याचे दोन कॅन माझ्या पायरीवर आणून ठेवले.

"अहो, तुमच्याकडेच किती उरलंय?"

"आयडाचा हुकूम आहे. म्हणते, लॉर्नाला सकाळी कॉफी मिळाली नाही तर शाळेतल्या पोरांची धडगत नाही."

सह्या घेऊन परतले तेव्हा माझ्या अंगणातला, विजेच्या पंख्याच्या हवेवर फुगून उभा राहणारा नाताळचा आठ फुटी हिममाणूस आडवा पडला होता. वाऱ्याने पडला, असे मी मनाशी ठरवले. वारा नव्हता.

रविवारी सकाळी साडेदहाला ऑर्विल अंगणातला बर्फ बादलीत भरून आत नेताना दिसले. चार फेऱ्या केल्या. बादलीभर बर्फ वितळला की तळाशी दोन-तीन पेले पाणी उरते. डेल्बर्ट चर्चला गेला होता. ऑर्विलच्या पायरीवर रस्त्यातली तोटी फिरवता येईल अशी त्यांची लांब लोखंडी किल्ली होती. ती मी न विचारता घेतली. आधी जाऊन माझी लाल तोटी घट्ट बंद केली, मग रस्त्यातले पाणी सोडले, आणि घरात येऊन कॉफी ठेवली. चीर तोटीच्या खाली आहे हे मी आठ घरांना पटवले होते. स्वतःला पटवायचे राहिले होते.

वीस मिनिटांत ऑर्विलचा टब भरला. तेवढ्याच वेळात माझ्या घराखालून निघालेले पाणी रस्त्यावर पसरून काच झाले. डेल्बर्ट चर्चहून परतला, त्याची गाडी आडवी घसरली आणि ओळीने उभ्या नऊ टपालपेट्या आडव्या झाल्या. त्यात माझीही आहे. त्याला इजा नाही. त्याने आधी पाणी पुन्हा बंद केले.

किल्ली झाकणातच राहिली होती. तिच्यावर ऑर्विल यांची अक्षरे ठोकलेली आहेत, रेल्वेतली माणसे हत्यारांवर ठोकतात तशी. डेल्बर्टने विचारले, "हे तुम्ही केलंत?" ऑर्विल म्हणाले, "हो, मीच." डेल्बर्टने त्यांना जानेवारीअखेर जागा सोडण्याची नोटीस दिली. त्यांचे घर १९७१ सालचे आहे. चाके आहेत, पण उचलले तर मधोमध मोडेल, आणि इतके जुने घर दुसरे कुठलेही पार्क आत घेत नाही.

या वेळी मी तेथे हजर होते. माझ्या हातात कप होता. मी काही बोलले नाही.

आज सकाळी कामावर जाण्यापूर्वी मी ऑर्विलना गाठले.

"कशाला हो म्हणालात? वेड लागलंय का?"

"या वयात मला कोण हाकलतंय, पोरी?"

"तो डेल्बर्ट हाकलेल!"

"बरं, मग ऐक. घराखालचा प्लग मी शुक्रवारीच बदलून ठेवलाय. हिममाणसाचा काढला, पट्टीचा लावला. आता पुन्हा काढू नकोस."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? तरी सही केलीत?"

"चीर तोटीच्या खालीच होती ना?"

तरी मी सांगते की, माझ्या घराखाली विजेचे एकच भोक आहे. मंगळवारी दि. १२ रोजी पट्टीचा प्लग काढून तेथे हिममाणसाचा प्लग मीच लावला. पाइप का फुटला ते मला शुक्रवारी सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी कळले होते. रविवारी पाणी मीच सोडले. ऑर्विल लिंडक्विस्ट यांनी त्या वेळी फक्त चादरी धुतल्या. नोटीस काढायचीच तर घर नंबर १४ च्या नावाने काढावी. माझे घरही जुनेच आहे, पण त्यात माणूस एकच आहे आणि ते चालते-बोलते आहे. बोलण्याबद्दल वर आलेच आहे.

चीर तोटीच्या खाली होती, हे माझे म्हणणे कायम आहे.

हे सर्व डेप्युटी टॉलिव्हर यांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. त्यात 'सांताक्लॉज' लिहिले होते, ते 'हिममाणूस' करून घेतले. बाकी घडले तसे आहे. या खेपेस काही वगळलेले नाही.

सही : लॉर्ना विकस्ट्रॉम

सहीनंतर भर : जाण्यापूर्वी डेप्युटींच्या परवानगीने कचेरीच्या नळावर दोन कॅन भरून घेतले. कॅन आयडाचे आहेत.