दोनवर बांधलेला लॅपटॉप

(राजुरी. गोरख आणि सयाजी या दोघा भावांचं सामाईक ओसरीचं घर, राउटर ओसरीतच. जुन्नरहून आलेला दुरुस्तीवाला नुमान लॅपटॉपपुढं बसलेला.)

नुमान : भाभी, राउटरच्या जुन्या फर्मवेअरवर, म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरवर, लॅपटॉपला दोन एमबीचं स्पीड येत होतं. नवीन टाकलं, तरी दोनच.

गोरख : लॅपटॉपच डबडं हाय. मी पैल्यापास्नं सांगतोय, पर धाकट्या भावाच्या बायकोला थोरल्या दिराचं कुठं पटतंय!

स्नेहल : भाऊजी, सहाच्या आत कंपनीला कळवायचंय मला. घरून काम जमंल, का पुण्याच्या ऑफिसात येऊन बसू. तवर टोमणे तुमच्यापाशीच ठेवा.

नुमान : माझ्या मोबाइलवर इथंच चाळीस दाखवतंय. गोरखभाऊ, तुमचा द्या.

गोरख : माझ्या मोबाइलला हात लावायचं काम न्हाई.

स्नेहल : का? विंचू हाय का त्यात? आणा इकडं.

नुमान : ह्याच्यावर पण चाळीस. थांबा भाभी. कुणाला किती स्पीड सोडलंय त्याची यादी जुन्या फर्मवेअरात आत कुठंतरी दडलेली असायची, नव्यात समोरच येते. हे बघा. बाकी सगळे मोकळे, तुमचा लॅपटॉप तेवढा दोनवर बांधलाय. मुद्दाम.

स्नेहल : राउटरचा पासवर्ड एकट्या भाऊजींकडं हाय. मगाशी तुमाला पण त्यांनीच टाकून दिला.

गोरख : हाय. मीच बांधला, व्हिडिओ बघून. विहिरीला पाळी हाय, मग हितं नको? तू दिवसभर उपसत बसलीस तर मला बाजारभाव दिसायचे कवा?

स्नेहल : पाळी समोरासमोर बसून ठरते. तुमचं पाणी कुणी न विचारता तोडलं तर कुदळ घेऊन धावता ना? परवा ऑनलाइन मुलाखतीत साहेबांपुढं माझं तोंड उघडंच राहिलं, आवाज गायब. तासभर रडले मी. आन् तुमी हितं बसून चहा पीत व्हता!

नुमान : भाऊ, ही विहीर नाही. लिमिट काढलं मी. भाभींचं अडतीस, तुमचं आत्ताही चाळीसच. त्यांचं तोडून तुमचं काहीच वाढलं नव्हतं.

गोरख : वाढावं म्हणून केलं कुणी? नोकरी लागली की तू सयाजीला घेऊन पुण्याला जाणार. मग शेत, आई, समदं माझ्या एकट्याच्या बोडक्यावर.

स्नेहल : मग घरून काम मागितलं कशासाठी मी? पुणं टळावं म्हणूनच ना! ह्यांना शेत सोडवत न्हाई, सासूबाईंना मी लागते. ह्या घरासाठी त्या साहेबांपुढं हात जोडले, भाऊजी.

गोरख : बरं, झालं ते झालं. आता पळतंय ना तुझं? मग लिव, घरूनच जमंल म्हणून.

स्नेहल : आन् पुढच्या खेपेला तुमचं डोकं फिरलं, की परत दोन?

गोरख : घरातल्या घरात एवढं कशाला धरून बसतीस?

स्नेहल : नुमानभाऊ, मेल जाईल ना आता?

नुमान : लगेच जाईल, भाभी.

स्नेहल : गेला. सोमवारपास्नं पुण्याच्या ऑफिसात येते, असं लिहिलंय.