बॅगेचं कुलूप

नाही नाही, कापायचं नाही कुलूप, हळूच उघडा — बॅग महागाची आहे. किल्ली? हरवली हो. परवा बेसिनच्या — म्हणजे, प्रवासातच हरवली. तुम्ही तुमचं काम करा ना. आणि खाली कशाला बसताय, खुर्ची घ्या की! आठ खुर्च्या नुसत्या पडून आहेत, बसायला आम्ही दोघंच. बघताय काय असे? देवानं दिलंय, भाऊ, कुणाचं लुबाडून आणलेलं नाही.

आमच्या चर्चमधून गेलो होतो — बारा जणं, आठ दिवस, एका खेड्यात शाळेची भिंत बांधायला. सेवा म्हणून. हो, मीसुद्धा घमेली उचलली, हसू नका! जिच्याकडे उतरले होते, त्या बाईचं घर म्हणजे एक खोली. आमच्या या चपलांच्या कपाटाहून — जाऊ दे. खाट एकच, ती मला दिली आणि स्वतः मुलीला घेऊन जमिनीवर. ताई ताई करून नुसता जीव टाकायची. आणि मी काय करावं? रोज झोपताना या बॅगेला कुलूप. तिच्यादेखत. अहो, सवय असते माणसाला! इथे घरात नवऱ्याशिवाय कुणी नसतं, तरी कपाटाला कुलूप असतंच माझ्या — मग तिथे काय वेगळं केलं? तिच्या दाराला साधी कडी नव्हती, हेही खरं.

शेवटच्या दिवशी अंगठी दिसेना. लग्नातली, हिऱ्याची. सिमेंट कालवायचं म्हणून काढली होती, कुठे ठेवली ते काही केल्या आठवेना. मी कुणाचं नाव घेतलं नाही हं. शपथेवर सांगते — नको, शपथ नको. एवढंच म्हणाले, "खोलीत आपण दोघीच असतो ना." बस्स. तर तिनं आपली पेटी ओढून आणली आणि माझ्यासमोर उपडी केली. चार कपडे, एक स्वेटर, मुलीचं दप्तर, कापडात गुंडाळलेलं बायबल. तेही उलटं धरून झटकलं तिनं — पान न् पान. मी "राहू दे गं" म्हणायला हवं होतं की नाही? हवं होतं. मी बघत राहिले. बायबलातून काय पडतंय ते बघत राहिले, भाऊ!

आणि निघताना तिनं माझे हात धरून प्रार्थना केली — प्रभू, ताईची वस्तू ताईला मिळू दे. काल आमच्या पाळकांचा फोन आला. भिंतीपाशी उरलेली वाळू ती रोज संध्याकाळी चाळत बसते म्हणे, अजून. शाळा झाडायचं काम होतं तिचं, ते काढून घेतलं. गावभर बोभाटा झाला ना. कुणी केला? मी नाही! मी फक्त आमच्या लोकांना सांगितलं. आणि येत्या रविवारी मला सगळ्यांपुढे उभं राहून साक्ष द्यायचीय, प्रभूनं तिथे मला काय शिकवलं म्हणून. लिहूनही काढलीय. त्यांच्याकडे काही नाही, तरी किती आनंदी असतात ती माणसं — असं सगळं. पाळकांना फार आवडली.

दहा दिवस झाले, बॅग उघडली नाही मी. मळके कपडे आतच आहेत, वास मारत असतील. का म्हणजे? वेळ नाही झाला. परवा हात धुताना, साबण हातात होता, आणि एकदम काहीतरी आठवल्यासारखं — नाही, काही नाही. तुम्ही खाली बघा. कुलपाकडे.

झालं? उघडलं? थांबा, झाकण मी उघडते. हे कपडे... हा टॉवेल... ही साबणाची डबी — हात नका लावू तिला! कसला आवाज? साबण आहे. वाळला की वाजतो. अहो, वाजतो म्हणतेय ना!

उठा तुम्ही आता. नाही, नवीन किल्ली नको करायला. ते कुलूप होतं तसं परत लावून द्या. लावा म्हणते ना! आणि जाताना दार ओढून घ्या.