एकसष्ट माणसं आत आल्यावर

आदरणीय अध्यक्षा प्राचार्या संध्या देवरे मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी आणि विद्यार्थी मित्रहो,

बारा वर्षं मी या कॉलेजच्या सुरक्षेचं काम पाहिलं. आज तुम्ही सपत्नीक बोलावून शाल दिलीत, आभारी आहे. आत्ता सरांनी माझी ओळख करून देताना सांगितलं, की लष्करात असताना या रावजी अहिरेनं परदेशात एकसष्ट जीव वाचवले. टाळ्या झाल्या. ते खरं आहे, पण अर्धं. उरलेलं मी घरीसुद्धा बोललेलो नाही. पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या पत्नी चतुराबाईही आजच ऐकतायत.

आफ्रिकेतल्या एका देशात मी शांतिसेनेत होतो. तिथं दोन आठवडे रेडिओवरून एका जमातीला संपवा म्हणून उघड सांगत होते. आमच्या ठाण्यातून रोज वर अहवाल जात होता. वरून रोज उत्तर यायचं, लक्ष ठेवा.

मग एका दुपारी त्या जमातीची तीनेकशे माणसं आमच्या फाटकाशी आली. मागं गावं पेटलेली दिसत होती. परवानगीशिवाय कुणाला आत घ्यायचं नाही, असा हुकूम. मेजरसाहेबांनी राजधानीला विचारलं, राजधानीनं परदेशातल्या मुख्यालयाला. तिथं बैठक चालू होती.

आमच्या दुभाषी मार्थाबाई, मूळच्या तिथल्याच शाळेत शिक्षिका. जाळीपलीकडच्यांशी बोलून त्या माझ्याकडे आल्या.

"सुभेदारसाहेब, ते विचारतात, बैठक किती वाजता संपेल?"

मी बाजूचं छोटं दार उघडलं. एकेक माणूस आत घेऊ लागलो. एकसष्ट झाली, तोवर मेजरसाहेब धावत आले.

"रावजी, दार लाव. वरून हुकूम आलाय."

"साहेब, अजून माणसं आहेत."

"मला दिसतायत. लाव."

मार्थाबाई म्हणाल्या, "माझ्या वर्गातली मुलं बाहेर आहेत." आणि त्या बाहेर गेल्या. मी हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं नाही. मग मी दार लावलं. कडी मी घातली, माझ्या हातानं.

बाहेरची माणसं नदीकडे पळाली. तासाभरानं तिकडून आवाज यायला लागले. आम्ही शस्त्रं घेऊन आत उभे होतो.

परवानगी दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आली. आम्ही नदीवर गेलो. तिथं काय पाहिलं ते या सभागृहात सांगत नाही. मार्थाबाईंचा पत्ता अजून लागलेला नाही. पुढं चौकशी झाली, मी सगळं लिहून दिलं. अहवालात आलं, परिस्थिती गुंतागुंतीची होती. एकालाही जाब विचारला गेला नाही, मलाही नाही.

त्या दिवशी परतल्यावर आत घेतलेल्यांना मी पाणी वाटत होतो. एका म्हातारीनं खुणेनं विचारलं, दार कुणी लावलं? मी स्वतःकडे बोट दाखवलं. तिनं पेला घेतला नाही. दोन दिवस ती माझ्या हातचं पाणी प्यायली नाही.

आपण शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. बारा वर्षांत कुणाला गेटवर अडवून ठेवलं असेल, बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर तेवढं पोटात घाला. त्या दाराची माफी मी तुमच्याकडे मागत नाही. ती द्यायला तिथलं कुणी उरलं असेल, तर त्यांनीच द्यायची.

नमस्कार.