बाईंच्या कपाटातले दोन दिवस

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आमचे प्राचार्य; ज्यांचा परिचय करून द्यायला मघाशी अकरा मिनिटं लागली ते प्रमुख पाहुणे; भौतिकशास्त्र विभागाचे उद्यापासूनचे प्रमुख; बाईंचे यजमान आणि कन्या; प्राध्यापक मंडळी, कार्यालयातली मंडळी, प्रयोगशाळेतले आमचे काका; समोर बसलेले आजी आणि माजी विद्यार्थी; आणि ज्यांच्या निरोपासाठी हा सगळा घाट घातला त्या आमच्या बाई, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'माजी विद्यार्थी' अशी करून दिली, हा त्यांचा सभ्यपणा. माजी विद्यार्थी शिकून बाहेर पडतो. मी बाहेर पडलो, शिकायचं तेवढं राहिलं. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर कॉलेज सोडलं आणि आता लिफ्ट दुरुस्त करतो. आपण ज्या लिफ्टनं या तिसऱ्या मजल्यावर आलात, तिची देखभाल माझ्याकडे आहे. जे जिन्यानं आले त्यांचा माझ्यावर विश्वास नाही असं मी धरून चालतो.

मग एवढ्या पदव्यांच्या गर्दीत मला का उभं केलं? बाईंनीच माझं नाव सुचवलं म्हणून. मला आज दोन कामं आहेत. एक, बाईंचं कौतुक करायचं. दुसरं, चार वर्षांपूर्वी याच आवारात मी तोंडातून काढलेला एक शब्द परत घ्यायचा. पहिलं काम आनंदाचं आहे. दुसऱ्यासाठी मी माइक दोन्ही हातांनी धरलाय. माइकची तार ठीक आहे, ऑपरेटर दादा, तुम्ही बसा.

बाईंचा पहिला तास मला अजून ऐकू येतो. पुस्तक नाही, हजेरी नाही. आल्या आणि म्हणाल्या, "वेळ म्हणजे काय?"

पहिल्या बाकावरून उत्तर आलं, "घड्याळ दाखवतं ती."

"आणि घड्याळ बंद पडलं तर?"

"सेल बदलायचा, मॅडम."

"सेल बदलेपर्यंत तू म्हातारा होणं थांबवतोस का?"

वर्ग हसला. मला तेव्हा गप्प बसायची सवय नव्हती. आताही फारशी नाही. मी शेवटच्या बाकावरून ओरडलो, "बाई, तास संपायची वाट बघताना जी लांबते ती!" बाई हसल्या नाहीत. माझं उत्तर त्यांनी फळ्यावर लिहिलं, दोन पावलं मागे सरकून वाचलं आणि म्हणाल्या, "हे चूक आहे, पण खोटं नाही. पुढच्या बाकावर ये."

बाकीचे त्यांना मॅडम म्हणायचे. मी त्या दिवसापासून बाई म्हणू लागलो, आणि त्यांनी चालवून घेतलं.

पुढच्या बाकावर गेलो आणि तिथेच घोटाळा झाला. त्या बाकावर एक मुलगी बसायची. तिचं वर्णन मी करणार नाही. अध्यक्षांनी मला मोजकी मिनिटं दिली आहेत आणि त्या विषयात मला थांबता येत नाही. एवढंच सांगतो की लंबकाच्या प्रयोगात आम्ही जोडीदार होतो. ती झोके मोजायची, मी स्टॉपवॉच धरायचो, आणि माझं प्रत्येक निरीक्षण चुकायचं.

बाईंचा एक नियम आमच्या वर्गाला चांगलाच आठवत असेल. निरीक्षणाखाली तारीख आणि वेळ नसली की त्या जर्नल परत करायच्या. म्हणायच्या, "केव्हा झालं ते लिहिलेलं नसेल, तर काय झालं ते मला सांगू नकोस." आम्हाला ही कटकट वाटायची.

एका सोमवारी सगळ्यांची जर्नल्स तपासायला गेली. ती गोळा करायचं काम त्या मुलीकडे होतं. तिनं माझ्या जर्नलमध्ये एक चिठ्ठी ठेवली. चिठ्ठी अशी: 'परवा पाच वाजता, ग्रंथालयाच्या पायऱ्या. बोलायचंय.' जर्नल्स नेहमी त्याच दिवशी संध्याकाळी परत मिळायची, म्हणून तिनं तारीख घातली नाही. तिचा परवा म्हणजे बुधवार.

त्या आठवड्यात विभागाची तपासणी निघाली. जर्नल्स बाईंच्या कपाटात दोन दिवस राहिली आणि माझ्या हातात आली ती बुधवारी दुपारी तीनला. चिठ्ठी वाचली. माझा परवा म्हणजे शुक्रवार! त्या बुधवारी पाच वाजता ती ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर उभी होती, आणि मी दोनशे पावलांवरच्या कॅन्टीनमध्ये शुक्रवारी कोणता शर्ट घालायचा यावर मित्रांशी चर्चा करत होतो. निळा ठरला.

शुक्रवारी निळा शर्ट घालून साडेचारपासून उभा राहिलो. पाच वाजले, साडेपाच वाजले. सहा वाजता ती ग्रंथालयातून बाहेर आली. सोबत आमच्याच वर्गातला एकजण, आणि दोघं हसत होते. (नंतर कळलं की पुस्तक दोन महिने उशिरा दिल्याबद्दल ग्रंथपालांना त्यानं काय थाप मारली, ते तो सांगत होता. पण तेव्हा माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते विचारू नका.)

मी विचारलं, "ही यायची वेळ झाली?"

ती म्हणाली, "मी परवा आले होते."

"परवा म्हणजे आज!"

"परवा म्हणजे परवा! दोन तास उभी होते मी."

मी ओरडलो, "खोटं बोलतेस. तुला माणूस कळत नाही, तुला फक्त टाइमपास कळतो. तूच एक टाइमपास आहेस."

ग्रंथालय बंद व्हायची वेळ होती. पायऱ्यांवर आमच्या वर्गातले चाळीस जण होते. ती पुस्तकं छातीशी धरून निघून गेली. मी ओळखपत्र फाडलं, फाटकाबाहेर पडलो आणि पुन्हा आलो नाही. घरी आई दोन दिवस ताट आदळूनच वाढायची. दादा एवढंच म्हणाला, "कॉलेज सोडलंस ते सोडलंस, निदान अभ्यास जड गेला असं तरी सांग लोकांना."

सहा महिन्यांनी मी उस्तादांच्या हाताखाली लिफ्टचं काम शिकत होतो. एका दुपारी याच इमारतीतून फोन आला की लिफ्ट अडकली आहे. उस्ताद वर मशीनरूममध्ये गेले, मी दुसऱ्या मजल्यावरच्या दाराला कान लावून म्हटलं, "आत कोण आहे? घाबरू नका."

आतून आवाज आला, "चौदा मिनिटं झाली. घाबरलेली नाही. तू तोच ना, वाट बघताना वेळ लांबते म्हणणारा?"

"होय, बाई."

"लांबते खरी."

मग बाई म्हणाल्या, "दार उघडल्यावर तुझ्याकडे बघून हे बोलायला जमणार नाही, म्हणून आत्ताच बोलते. तुझ्या जर्नलमधली चिठ्ठी सोमवारीच खाली पडली होती. मी वाचली. परवा म्हणजे बुधवार, हे मला कळलं होतं. जर्नल्सना उशीर होतोय हेही कळत होतं. मुलांच्या खाजगी गोष्टीत पडू नये म्हणून मी ती होती त्या पानात ठेवून दिली. लाल शाईनं बाजूला तारीख टाकायला मला किती वेळ लागला असता? पायऱ्यांवरचं भांडण कानावर आलं तेव्हा उलगडा झाला. तोवर तू गेला होतास. चूक माझीही आहे."

आता मला सांगा, किती शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्याला 'चूक माझी आहे' असं म्हटलेलं तुम्ही ऐकलंय? मोठेपणा म्हणजे काय ते मला आज कळतं. तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी दारावर हात आपटून म्हणालो, "बाई, माझे दोन दिवस तुमच्या कपाटात गेले. तुम्ही काळ शिकवता ना? मग मागे जाता येतं की नाही, एकदाच काय ते सांगा!"

वरून उस्ताद गरजले, "अरे ए शहाण्या, अडकलेल्या माणसाशी भांडतोस? ब्रेक सोडतोय, दारापासून लांब हो!"

लिफ्ट हळूहळू खाली आली. मी दार उघडलं. बाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "हा प्रश्न दारात उभं राहून सुटण्यातला नाही. गुरुवारी चारनंतर प्रयोगशाळेत ये. तुला प्रवेश नाही हे मला माहीत आहे. प्रश्न विचारायला प्रवेश लागत नाही."

असे अकरा गुरुवार मी गेलो. पदवी नाही, परीक्षा नाही, आणि समोर एकच मठ्ठ विद्यार्थी. बाईंनी माझी चेष्टा केली नाही. एका प्रेमात पडलेल्या पोराचा रडका प्रश्न त्यांनी शास्त्राचा प्रश्न म्हणून घेतला आणि शास्त्रासारखाच सोडवायला बसल्या.

मी विचारलं, "वेळ सगळीकडे सारखी चालते ना?" तर म्हणाल्या, नाही. जमिनीपासून जितकं वर जावं तितकं घड्याळ किंचित भरभर चालतं. लोकांनी अत्यंत अचूक घड्याळं विमानातून फिरवून आणली, तर जमिनीवरच्या घड्याळांशी ती जुळेनात. मी म्हटलं, "समजा एक मुलगी नवव्या मजल्यावर राहते आणि एक मुलगा दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात काम करतो..."

"समजा कशाला म्हणतोस?" बाई म्हणाल्या, आणि गणित मांडलं. पन्नास वर्षांत नववा मजला तळापेक्षा जेमतेम पाच मायक्रोसेकंद पुढे जातो. "एवढ्यानं काही ती तुझ्या हातची जात नाही. ती गेली तर तुझ्या तोंडामुळे जाईल."

पुढच्या काळात जाता येतं का? येतं, त्यासाठी फक्त फार वेगानं फिरून परत यावं लागतं. मागचं बघता येतं का? रोजच बघतो. ताऱ्याचा प्रकाश निघाला तेव्हा आपले पणजोबाही जन्मले नसतील. मग मागे जाऊन हात लावता येतो का? इथे बाईंनी खडू खाली ठेवला. म्हणाल्या, "काही समीकरणं कागदावर ते दार बंद करत नाहीत. पण त्या दारातून आजवर कुणी आलेलं मला ठाऊक नाही. येता आलं असतं तर त्या सोमवारी माझ्या कपाटाशी मीच येऊन उभी राहिले असते, लाल पेन घेऊन."

त्या वाक्यानंतर मला त्यांच्यावर रागावता आलं नाही.

मग त्यांनी फळ्यावर 'परवा' हा शब्द लिहिला. म्हणाल्या, "बघ, आपली भाषा किती हुशार आहे. कालच्या पलीकडचा परवा आणि उद्याच्या पलीकडचाही परवाच. आमची बरीचशी समीकरणंही अशीच असतात, दोन्हीकडून सारखी. नुसता शब्द बघून दिशा कळत नाही. 'परवा आले' की 'परवा येईन', ते क्रियापद सांगतं. तू सहा महिने एकाच परव्यात बसून आहेस. क्रियापद बदल."

मी म्हटलं, "म्हणजे काय करू? तिला पत्र लिहू?"

"चिठ्ठ्या पुरे झाल्या," बाई म्हणाल्या. "मला सांग, लिफ्ट अडकली तर ती अडकायच्या आधीच्या क्षणाला जाऊन सोडवतोस का?"

"नाही. येतो तेव्हापासून सोडवतो."

"मग तेच कर. आणि एक तुला माहीत नाही ते ऐक. तू तो शब्द एकदा बोललास. वर्ग तिला अजून त्याच नावानं हाक मारतो. फळ्यावर लिहितात. ती पुसते आणि बसते."

मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटायचं, मी रागावलो, मी गेलो, गोष्ट संपली. मी गेलो होतो, शब्द तिथेच राहिला होता. ती त्याच्यासोबत दीड वर्ष त्याच बाकावर बसली आणि पहिल्या वर्गात पास झाली. मी तर एक दिवसही बसलो नाही. दोघांत धीट कोण, हे सांगायला भौतिकशास्त्र लागत नाही.

मी लगेच तिच्या घरी धावत निघालो होतो. बाईंनी अडवलं. "चाळीस जणांसमोर बोललास ते जिन्यात गाठून कानात परत घेणार? ते तुझ्या सोयीचं झालं. चाळीस जण असतील तेव्हा बोल. तिला उभं करू नकोस, तिच्याकडून काही मागू नकोस."

"ते चाळीस परत एकत्र कधी येणार, बाई?"

"माझ्या निरोपाला येतील. आणि त्या दिवशी माझ्या वाटणीचंही सांग. गाळलंस तर तुझं भाषण मी अर्ध्यात थांबवीन."

एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर माणसाला हारतुरे हवे असतात. आमच्या बाईंनी आपल्या निरोपाच्या दिवशी आपलीच चूक कार्यक्रमात घालून घेतली, कारण एका विद्यार्थिनीवर पडलेला डाग पुसायला दुसरा दिवस मिळणार नव्हता. याहून मोठं कौतुक मला करता येत नाही. मी शब्द गाळलेला नाही, बाई. थांबवू नका.

आज तो वर्ग इथे आहे. ती मुलगीही आहे. कुठे बसली आहे ते मी सांगणार नाही आणि कृपा करून कुणी... वळलातच सगळे! समोर बघा. चौथ्या रांगेतले माझे मित्र गालात हसताहेत. हसा.

माझ्याकडे बोलायला आता थोडंच उरलं आहे. आयोजकांचे आभार, लिफ्टच्या कामावरून मला न हाकलणाऱ्या उस्तादांचे आभार, आणि प्रवेश नसलेल्या मुलाला आत घेणाऱ्या बाईंचे आभार कोणत्या शब्दांत मानू ते मला सुचत नाही, म्हणून नुसते मानतो.

शेवटी वक्ते म्हणतात की बोलण्याच्या ओघात काही चुकलं असेल तर मोठ्या मनानं पोटात घालावं. मला ती सवलत नाही. काही चुकलं 'असेल' असं मला म्हणता येत नाही, कारण काय चुकलं ते मला शब्दशः पाठ आहे. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर मी एका मुलीला टाइमपास म्हटलं. ते खोटं होतं. ती बुधवारी पाच ते सात तिथे उभी होती. वेळ तिनं पाळली. मी तिचं ऐकून न घेता तिला खोटारडी ठरवलं. मी तो शब्द परत घेतो आणि तिची माफी मागतो. तिनं उत्तर द्यावं अशी अपेक्षा नाही, आज नाही आणि पुढेही नाही. माझं प्रेम होतं, आहे, तो माझा प्रश्न. त्याची शिक्षा तिला व्हायला नको होती.

आणि चौथी रांग, ज्यांनी ज्यांनी तो शब्द नंतर दीड वर्ष वापरला त्यांनी आपापली माफी आपण मागावी. माझ्या माफीत तुमची धरलेली नाही.